वजन कमी करताना खा-खा सुटते? आधी काय करायचं आणि मग काय

वजन कमी करायचंय आणि खाण्यावर ताबा राहत नाही, अशी दोन्ही दुखणी एकत्र असली की जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो. दोन्हींवर मिळून एक उपाय म्हणून खाणं आणखी आवळतो. नाश्ता बंद, भात बंद, साखर बंद, सातनंतर तोंडाला कुलूप. तीन-चार दिवस निभावतं. मग एका रात्री घरचे झोपल्यावर माणूस ओट्यापाशी उभं राहून चिवडा, उरलेली पोळी, मुलांची बिस्किटं, पुन्हा चिवडा असं पोट दुखेपर्यंत खातो. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप म्हणून उपास. आणि त्या उपासातूनच पुढची रात्र तयार होते.

तेव्हा क्रम उलटा करायचा. आधी ही खा-खा थांबवायची, ती थांबून काही आठवडे गेले की मग वजनाला हात घालायचा. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे: बिंज ईटिंगवर, म्हणजे ताबा सुटून होणाऱ्या या खा-खावर, उपचार चालू असताना डाएटिंग करू नये, कारण त्यानं बिंज भडकण्याचीच शक्यता असते. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण त्याला पुढच्या महिन्यातल्या लग्नापर्यंत बारीक व्हायचं असतं. पण खालच्या टप्प्यांचा क्रम बदलून काम होत नाही.

सुरू करण्याआधी: तुमचं खाणं नेमकं कशात बसतं?

लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या, मिसळीबरोबर तिसरा पाव घेतला, याला बिंज म्हणत नाहीत. बिंजमध्ये दोन गोष्टी एकत्र लागतात. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर कुणी त्या परिस्थितीत खाईल त्याहून खूपच जास्त खाल्लं जातं. आणि खाताना "आता थांबणं माझ्या हातात नाही" असं वाटतं. जोडीला भराभर खाणं, भूक नसताना खाणं, पोट तडस लागेपर्यंत खाणं, लाजेपायी लपून खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, यातलं बरंच काही असतं. असं आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चाललेलं असेल तर त्याला आजाराचं नाव आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे. हावरटपणा, आळस, संस्कार यांच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे घरच्यांची भाषणं ऐकून तो बरा होत नाही.

आठवड्यातून एकदाच्याही खाली असेल तरी हेच टप्पे चालतात.

थांबा. पुढच्यांपैकी काही लागू असेल तर हे एकट्यानं करू नका, आधी डॉक्टरांना भेटा:

- खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढता, किंवा वजनासाठी जुलाबाच्या, लघवीच्या गोळ्या घेता. यानं शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. छातीत धडधड, चक्कर, हातापायांत गोळे येत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. जेवणाच्या वेळा बदलल्या की डोसही तपासावा लागतो.
- गरोदर आहात, वय १८ पेक्षा कमी आहे, किंवा वजन मुळातच कमी आहे.
- जगणं नकोसं वाटतं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. यासाठी उद्याची वाट बघू नका.

आणखी एक. स्टिरॉइड आणि मानसोपचारातली काही औषधं भूक वाढवतात. तुमची खा-खा एखादं औषध सुरू झाल्यापासूनची असेल तर डॉक्टरांना सांगा. औषध परस्पर बंद करू नका.

टप्पा १. पहिला आठवडा फक्त वही

या आठवड्यात खाण्यात काहीही बदलायचं नाही. लोकांना हाच टप्पा फुकट वाटतो आणि ते तो गाळतात. मग पुढे नेमकं काय बिघडतंय ते कळत नाही.

शाळेची छोटी वही किंवा फोनमधलं नोट्स, काहीही चालेल. प्रत्येक खाण्यापुढे एवढंच लिहा: किती वाजता, काय, कुठे (टेबलावर, ओट्यापाशी, गाडीत, पलंगावर), कोण सोबत होतं, आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलं. खाताना ताबा सुटल्यासारखं वाटलं तर पुढे चांदणी काढा. कॅलरीचा रकाना नको. तो आला की वही हिशेबाची होते आणि दोन दिवसांत बंद पडते.

*नेहमीच्या चुका:* रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिणं, वाईट दिवशी पान कोरं सोडणं, आणि "थोडा फरसाण" असं मोघम लिहिणं. वाईट दिवसाचं पानच सगळ्यात कामाचं असतं.

वजनकाटा आत्ताच लांब ठेवा. रोज वजन करत असाल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, एवढंच. पाणी आणि मिठामुळे काटा दिवसागणिक किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतो. त्या हलण्यावर रोजचा मूड आणि रोजचं जेवण ठरवणं हीच निम्मी कटकट असते. काटा वर गेला की "गेलंच सगळं, खाऊन घेऊ", खाली आला की "जमलंय, थोडं खाऊ". दोन्हीकडून खाणंच.

तपासा: सात दिवस झाल्यावर पानं एकत्र बघा. चांदणीच्या आधी किती तास पोटात काही नव्हतं ते प्रत्येक ठिकाणी मोजा. बहुतेकांना इथेच उत्तर दिसतं.

टप्पा २. घड्याळाप्रमाणे खाणं

सगळ्या लेखातून एकच टप्पा करायचा असेल तर हा करा. तीन जेवणं आणि दोन किंवा तीन छोटी खाणी, कोणत्याही दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागली म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून खायचं. महिनोन् महिने उपास आणि खा-खा आलटून पालटून चाललेलं असतं तेव्हा भुकेच्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. त्या परत जागेवर यायला वेळ लागतो.

मुंबईत हे कागदावर सोपं आणि प्रत्यक्षात अवघड आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या बाईंचा दिवस घ्या. सकाळी सव्वासातला चहा, सोबत काही नाही. साडेसातला घर सोडलं. ऑफिसात दहाला पुन्हा चहा. दुपारी एकला डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी; भात "वजनामुळे" बंद. चारला कटिंग आणि एक बिस्किट. सव्वासहाला ऑफिस सुटलं, आठ-सव्वाआठला घर, आल्या आल्या कुकर, मुलाचा अभ्यास, सगळ्यांना वाढून स्वतः जेवायला साडेनऊ. म्हणजे दुपारी एक ते रात्री साडेनऊ, साडेआठ तास, एका बिस्किटावर. त्यात कणीक मळता मळता शेंगदाणे तोंडात, पोळ्या करताना गुळाचा खडा, मुलाच्या ताटात उरलेलं. जेवण झालं तरी शरीराचं समाधान झालेलं नसतं. साडेअकराला डब्याचं झाकण आवाज न करता उघडलं जातं. स्टीलच्या डब्याला अंगठ्यानं कड दाबून धरली की आवाज येत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

या बाईंना साडेअकरावर उपाय हवा असतो. उपाय चार आणि सहा वाजता आहे.

त्यांच्यासाठी वेळापत्रक असं बसतं:

१. सकाळी ७ – चहाबरोबर काहीतरी. केळं, अर्धी पोळी, भिजवलेले बदाम, जे जमेल ते.
२. ९.३० ते १० – ऑफिसात पोचल्यावर नाश्ता. पोहे, उपमा, थालीपीठ, दोन इडल्या, अंड्याची पोळी. छोटा वेगळा डबा.
३. दुपारी १ – पूर्ण जेवण. पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ किंवा वरण, आणि भात बंद केला असेल तर तो वाटीभर परत.
४. ४ ते ४.३० – फुटाणे, शेंगदाणे, दही, फळ. नुसता चहा धरायचा नाही.
५. ६ वाजता, निघण्यापूर्वी – हे खाणं सगळ्यात जास्त चुकतं. लोकलच्या गर्दीत उभं राहून खाता येत नाही, त्यामुळे खुर्चीतून उठण्याआधीच खायचं. उकडलेलं अंडं, पोळीची गुंडाळी, मोडाची उसळ, चिक्कीचा तुकडा.
६. रात्री ९ – व्यवस्थित जेवण, ताटात वाढून, बसून.

डब्यात काही उरलं नसेल तर स्टेशनबाहेर एक वडापाव खाऊन गाडी पकडणं हे उपाशी घरी जाण्यापेक्षा चांगलं. हे वाचून काही जण नाराज होतील, होऊ देत. या टप्प्यावर आपण "काय" पेक्षा "कधी" दुरुस्त करतोय.

रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ आपल्या उठण्यापासून मोजावं. उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं, मग तोच तीन-चार तासांचा हिशेब. पहाटे घरी आल्यावर झोपण्यापूर्वीचं खाणंही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर फ्रिजसमोर उभं राहून ठरतं.

*"असं सारखं खाल्लं तर वजन वाढेल"* ही भीती प्रत्येकाला वाटते. पहिले काही दिवस पोट जड वाटेलही. पण दिवसा वाढलेलं खाणं आणि रात्रीची थांबलेली खा-खा यांची बेरीज केली तर बहुतेकांचं वजन फारसं हलत नाही.

सावधान, उपास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. दिवसभर निरंकार आणि चंद्रोदयानंतर ताटावर तुटून पडणं, हे बिंजच्या माणसासाठी नेमकं नको ते आहे. खा-खा आटोक्यात येईपर्यंत उपास थांबवा. मन मानत नसेल तर दर तीन तासांनी उपासाचे पदार्थ खाऊन करा: राजगिरा, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, फळं. आणि "तसंही उपास आहेच, वजनही उतरेल" असा दुहेरी हिशेब मनात असेल तर तो उपास देवासाठी नाही, एवढं स्वतःशी कबूल करा. सोळा तास उपाशी राहण्याचा फॅशनेबल प्रकारही इथे याच रांगेत बसतो.

तपासा: आठवड्यातले किमान पाच दिवस वेळा पाळल्या गेल्या का? नसतील तर पुढचा टप्पा नको. इथेच आणखी एक आठवडा.

टप्पा ३. स्वयंपाकघर, फोन आणि घरची माणसं

इथे साधे नियम आहेत, फार विचार करायचा नाही.

खाणं बसून, ताटलीत घेऊन. फरसाणही वाटीत काढून घ्यायचं, पिशवीत हात घालून नाही. उभ्यानं आणि डब्यातून थेट खाल्लेलं मोजलं जात नाही, मनातही नाही.

ज्या पदार्थावर तुमच्या चांदण्या जास्त आहेत तो किलोनं आणू नका. कायमची बंदी घालायची नाही, फक्त घरातला साठा लहान करायचा. महिन्याच्या वाणसामानात अर्धा किलो शेव येत असेल तर शंभर ग्रॅम आणा.

फोनमधल्या फूड अ‍ॅपमधून साठवलेलं कार्ड काढून टाका आणि रात्री दहानंतरचे नोटिफिकेशन बंद करा. ऑर्डर करणं अशक्य करायचं नाही, दोन मिनिटं लांबवायचं आहे. दारूबरोबर खा-खा होत असेल तर वहीत दिसेलच. चकण्याआधी जेवून घ्या किंवा हे काही आठवडे ते टाळा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते, तेही वहीत दिसेल.

आता माणसं. मुंबईच्या घरात लपून काही करणं अवघड, आणि न सांगता बदल करणंही अवघड. एकाच माणसाला सांगा, पण नेमकं काय हवंय ते सांगा. सासूबाईंना सांगायचं तर असं काहीतरी: "आई, डॉक्टरांनी मला दर तीन तासांनी खायला सांगितलंय. साडेचारला खाताना दिसले तर 'आत्ताच तर जेवलीस' असं म्हणू नका. आणि जेवताना आग्रह करू नका, लागलं तर मी मागून घेईन." नवऱ्याला किंवा बायकोला: "रात्री मी ओट्यापाशी दिसलो तर ओरडू नकोस. 'खाली चक्कर मारायची का?' एवढंच विचार."

*चूक:* घरच्यांना पहारेकरी करणं. "मला खाऊ देऊ नका, डबे लपवून ठेवा" असं सांगितलं की घरात चोर-पोलीस सुरू होतो आणि लपून खाणं वाढतं. डबा कुलपात, किल्ली आईकडे, आणि मुलगी रात्री साखर खातेय, असंही घडतं.

टप्पा ४. उबळ येते तेव्हाची वीस मिनिटं

वेळेवर खाऊनही उबळ येणार. फरक एवढाच की आता ती भुकेची कमी आणि मनाची जास्त असते, त्यामुळे तिला थोपवता येतं. न खाता वाट पाहिली तर ती बहुधा वीस-तीस मिनिटांत उतरते. ही वीस मिनिटं कशी काढायची याची यादी दिवसा, डोकं शांत असताना लिहून ठेवा. रात्री सुचत नाही.

यादीत अशाच गोष्टी घाला ज्यात हात अडकतात किंवा तुम्ही स्वयंपाकघरापासून दूर जाता. वन रूम किचनमध्ये दुसऱ्या खोलीत जा असं सांगून उपयोग नसतो, म्हणून: बिल्डिंगच्या आवारात तीन चकरा, आंघोळ, कपड्यांना इस्त्री, नेलपॉलिश, जिन्यात बसून मैत्रिणीला फोन, उद्याची भाजी सोडून कुठलंही घरकाम. भाजी निवडायला बसू नका, ते ओट्यापाशीच होतं. रील्स बघणं यादीत चालत नाही. एक हात मोकळा राहतो आणि दर चौथ्या रीलमध्ये कुणीतरी चीज ओढत असतं.

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फ्रिजवर नको, पाहुणे वाचतात.

क्रम असा:

१. वेळ बघा. शेवटचं खाणं चार तासांपूर्वीचं असेल तर ही उबळ नाही, भूक आहे. ताटलीत घेऊन खा, विषय संपला.
२. तसं नसेल तर वहीत एक ओळ: आत्ता काय झालंय? भांडण, बॉसचा मेसेज, कंटाळा, एकटेपणा, पाळी जवळ आलीय.
३. फोनवर वीस मिनिटांचा गजर. यादीतलं एक काम.
४. गजर झाल्यावर पुन्हा ठरवा. तरीही खावंसं वाटलं तर एक वाटी, बसून, दिवा लावून.

चौथी पायरी लोक गाळतात, कारण "म्हणजे हरलोच ना". नाही. ठरवून खाल्लेली एक वाटी आणि ताबा सुटून खाल्लेला डबा, या दोन वेगळ्या घटना आहेत. वहीत पहिलीपुढे चांदणी येत नाही.

दर आठवड्याला दुसऱ्या पायरीच्या ओळी वाचा. तीच ती गोष्ट पुन्हा येत असेल, समजा दर रविवारी रात्री सोमवारच्या मीटिंगचा धसका, तर तिच्यावर खाण्याबाहेर काहीतरी करावं लागेल. इस्त्री करून तो प्रश्न सुटत नाही.

टप्पा ५. खा-खा झालीच, तर पुढचे बारा तास

होणार आहे, म्हणून आधी वाचून ठेवा. बिंज किती मोठा होता यापेक्षा त्यानंतर तुम्ही काय केलं यावर पुढचा बिंज अवलंबून असतो.

१. उलटी काढू नका. खाल्लेलं सगळं त्यानं बाहेर येतही नाही. काढली गेलीच तर लगेच दात घासू नका. पोटातल्या आम्लानं दातांचं आवरण मऊ झालेलं असतं. साध्या पाण्यानं चूळ भरा. आणि हे दुसऱ्यांदा घडलं तर वरची "थांबा" ची यादी तुम्हाला लागू झाली.
२. वहीत लिहा. जेवढं आठवतं तेवढं, चांदणीसह. शिव्या लिहायच्या नाहीत.
३. झोपा.
४. सकाळी वजन करू नका. काटा दोन किलो वर दाखवू शकतो आणि ती चरबी नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा पंधरा हजारांवर कॅलरी जास्त जायला हव्यात. एका रात्रीच्या चिवड्या-बिस्किटांत तेवढ्या नसतात. काट्यावर दिसतं ते मीठ, त्यानं धरलेलं पाणी, साखरेच्या साठ्याबरोबर साठलेलं पाणी आणि पोटातलं अन्न. वेळेवर खात राहिलं की काही दिवसांत ते ओसरतं.
५. पुढचं खाणं वेळेवर. सकाळी भूक नसेल, मळमळेल, तरी सातचं केळं आणि दहाचा नाश्ता. थोडं कमी चालेल, शून्य नाही. सगळ्यात जास्त वेळा मोडला जाणारा नियम हाच.
६. भरपाई नको. दुप्पट जिम, ग्लासभर कारल्याचा रस, "आजचा दिवस फक्त ताक", हे सगळं उपासाचंच दुसरं रूप.

"आज बिघडलंच आहे, तर सोमवारपासून" हे वाक्य मनात आलं की ओळखा. सोमवार नाही, पुढचं जेवण.

टप्पा ६. बंदीतले पदार्थ परत आणणं

वेळा बसल्या, चांदण्या कमी झाल्या, की हा टप्पा. आधी केलात तर महागात पडेल.

ज्या पदार्थांना तुम्ही वाळीत टाकलंय त्यांची यादी करा आणि कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत क्रम लावा. एखाद्याची यादी भातापासून सुरू होऊन बाकरवडी, श्रीखंड आणि पिझ्झावर संपते. आठवड्याला एक पदार्थ. तो पूर्ण जेवणानंतर किंवा ठरलेल्या खाण्याच्या वेळी, दिवसाउजेडी, कुणाच्या तरी सोबत, एका वेळचा तेवढाच आणून खायचा. वडापाव टपरीवर जाऊन एक, घरी चार बांधून नाही. ज्या दिवशी मन ठिकाणावर नसेल किंवा रात्रीची झोप झाली नसेल त्या दिवशी हा प्रयोग करू नका.

गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ घरात असणारच. सणाच्या दिवसांत नवा पदार्थ यादीतून काढायचा नाही. फराळ नाश्त्याच्या जागी, ताटलीत, आणि जेवणाच्या वेळा नेहमीच्याच. शेजारून आलेला डबा त्याच दिवशी सगळ्यांत वाटून टाका.

टप्पा ७. आता वजन

सलग चार आठवडे चांदणी नाही, वेळा सवयीच्या झाल्यात, तरच इथे या. काहींना इथे यायला दोन महिने लागतात, काहींना सहा.

आधी मोजमाप खरं करून घ्या. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर जोखीम वाढते. काही जण या हिशेबात बसतच नाहीत, त्यांना फक्त लग्नाआधीची जीन्स घालायची असते. त्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. बाकीच्यांनी साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यावा, पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडासाठीही.

मग एका वेळी एकच बदल, दोन आठवडे:

- दिवसातल्या चार चहांपैकी दोनांतली साखर निम्मी.
- प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, मासे, दही यांपैकी काहीतरी नक्की.
- महिन्याचं तेल मोजून आणणं.
- एक स्टेशन किंवा दोन बस स्टॉप आधी उतरून चालणं, रोज जमेल तेवढं.

कोणताही बदल जेवण गाळून करायचा नाही. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून वेग नको. ८० किलोच्या माणसाचे चार किलो, म्हणजे पाच टक्के, उतरले तरी साखरेवर आणि रक्तदाबावर फरक दिसू लागतो. हेही आधीच सांगते की खा-खा थांबल्यानं वजन आपोआप बरंच उतरेल अशी आशा धरू नका. उपचारांनी खाण्यावरचा ताबा परत येतो, वजनावर त्यांचा परिणाम थोडाच होतो.

ऑफिसातली वजन उतरवण्याची स्पर्धा, सगळ्यांसमोर वजन करणारी केंद्रं, पावडरचे डबे, यांपासून लांब राहा. वजनाची इंजेक्शनं घ्यायचा विचार असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बिंजचा इतिहास, आणि उलटी काढत होता तर तेही, आधी सांगा.

परत फिरण्याचा नियम: पंधरा दिवसांत दोन चांदण्या आल्या तर वजनाचा बदल त्याच दिवशी थांबवायचा आणि टप्पा २ च्या वेळापत्रकावर यायचं.

आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर

मानसोपचार विभागात जा. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलजवळचं नायर, भायखळ्याचं जे. जे., या सरकारी-पालिका रुग्णालयांत हा विभाग आहे. खासगीत जायचं तर खाण्याच्या विकारांसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारा बोलण्यातून होणारा उपचार, करणारे मानसतज्ज्ञ शोधा. साधारण १६ ते २० बैठका लागतात.

केसपेपर काढताना किंवा आत गेल्यावर "वजन कमी करायचंय" असं सांगू नका, तुम्हाला आहाराचा तक्ता देऊन परत पाठवतील. असं सांगा: "मला आठवड्यातून इतक्या वेळा ताबा सुटून खाण्याचे झटके येतात, इतक्या महिन्यांपासून." वही सोबत न्या. तोंडानं सांगायची लाज वाटत असेल तर चांदण्यांची पानं उघडून पुढे करा, त्यावरून विचारतील. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, वजनासाठी ऑनलाइन मागवलेल्या असतील त्यासुद्धा. औषध सुरू झालं तरी जेवणाच्या वेळा आणि वही चालूच ठेवायची. आणि सकाळच्या ओपीडीसाठी निघताना काहीतरी खाऊन निघा, रांगेत दुपार होते.